सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतलीय? कमी पैशात गाडी पळवायची तर सुरुवात कुठून करायची

पगारात परवडेल अशी स्पोर्ट्स कार आपल्याकडे शोधायला गेलं की फिरून फिरून नाव एकच येतं, पोलो जीटी टीएसआय. कागदावर ती हॅचबॅक आहे हे मान्य, पण घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जी मजा ती देते ती तिच्या दुप्पट किमतीच्या बऱ्याच गाड्यांना जमत नाही, हे मी मनापासून सांगतोय. २०१३ मध्ये आली, आपल्या चाकणच्या कारखान्यात बनायची, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस पॉवर, १७५ एनएम टॉर्क, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि शून्य ते शंभर ९.७ सेकंदात असं कंपनी सांगायची. २०२० मध्ये तिच्या जागी १.० लिटरवाली ११० पीएसची जीटी आली आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. म्हणजे आज कोणीही जीटी घेतो तो वापरलेलीच घेतो, आणि हा लेख मुख्यतः १.२ वाल्यांसाठी आहे. १.० जीटीवाल्यांना डीएसजीचा भाग लागू नाही, कारण त्यात सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे, बाकी बहुतेक सगळं लागू.

नवीन घेतलेले बरेच जण गाडी नावावर व्हायच्या आधीच विचारायला लागतात की रीमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवण्याचा, रेट काय. माझं म्हणणं एवढंच की थांबा जरा. सात-आठ वर्षं चाललेली गाडी मुळात १०५ पीएस देतच नाहीये, प्लग झिजलेत, कुठेतरी पाइप सैल आहे, टायर दगड झालेत, आणि त्या आजारी गाडीवर तुम्ही अजून पॉवर चढवणार. त्यापेक्षा कंपनीने दिलेली होती ती गाडी आधी परत मिळवा, सगळ्यात स्वस्त अपग्रेड तेच आहे आणि अनेकांना त्याच्यापुढे जायची गरजसुद्धा वाटत नाही. खालचा क्रम त्या हिशोबाने लावलाय, शक्यतो मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. गाडीची तब्येत आणि पहिला स्कॅन

सगळ्यात आधी सर्व्हिस हिस्ट्री काढा. चासी नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटरला नोंदी बघता येतात. मग गाडी स्कॅन करून घ्या. फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हन ही स्कॅनिंगची साधनं असलेला माणूस शोधा, हातगाडीवर मिळतो तसला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे ढोबळ कोड दाखवतो पण डीएसजीच्या आत काय चाललंय ते सांगत नाही. स्कॅनमध्ये हे बघायला सांगा: जुने-नवे फॉल्ट कोड, प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), टर्बोचा मागितलेला बूस्ट (हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळणारा बूस्ट यातला फरक, आणि गिअरबॉक्समधल्या दोन्ही क्लचचे अ‍ॅडाप्टेशनचे आकडे, ज्यावरून क्लचच्या झिजेचा अंदाज येतो. रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हो, आधीच्या मालकाने गाडी आधीच रीमॅप केलीय का हेही याच वेळी तपासून घ्या, कारण विकताना लोक सांगत नाहीत आणि एका मॅपवर दुसरा मॅप चढवण्यात काही अर्थ नसतो.

यानंतर बदलायच्या गोष्टी, किती वापरल्यात हे माहीत नसेल तर सरळ बदलाच:

इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलेलं असलं पाहिजे. कंपनी १५,००० किमीचं अंतर सांगते पण आपल्याकडचा उन्हाळा आणि हिंजवडीचं ट्रॅफिक बघता मी सात-आठ हजारावर बदलतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

स्पार्क प्लग चारही, आणि जोर दिला की गाडी हिसके मारत असेल तर इग्निशन कॉइलपण तपासा.

एअर फिल्टर, साधा कंपनीचा. धुळीच्या रस्त्याने रोज जाणं असेल तर हा अंदाजापेक्षा लवकर भरतो.

कूलंट. या इंजिनात इंटरकूलर समोर जाळीत नाही, तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय आणि पाण्याने थंड होतो, त्यामुळे कूलंट कमी असेल किंवा कोणी नळाचं पाणी ओतून ठेवलं असेल तर इंजिन गरम व्हायच्या आधीच पिकअप मरतो. नवीन लोकांना हे माहीतच नसतं आणि ते मोठ्ठा इंटरकूलर विकत घ्यायला निघतात.

बॅटरी, अर्थिंग, टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या पाइपांचे क्लॅम्प.

अजून एक, गाडी लाख किलोमीटरच्या आसपास चालली असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ करून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे काजळी तिथेच साचत जाते. टाकीत ओतायच्या बाटल्या त्यामुळेच इथे कामाच्या नाहीत, पेट्रोल तिकडे पोचतच नाही तर औषध कसं पोचणार. मॅनिफोल्ड खोलून हाताने साफ करणाराच गॅरेजवाला शोधा.

या सगळ्याला ऑइलसकट साधारण पंधरा ते पंचवीस हजार जातात, कार्बन क्लिनिंग केलं तर वरच्या बाजूला. पैसे गेल्यासारखे वाटतील, पण त्यानंतर एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन या आणि मग ठरवा रीमॅप हवाय की नको.

२. टायर

रस्त्याला गाडीचा स्पर्श होतो तो फक्त चार ठिकाणी, तेही तळहाताएवढ्या जागेत, त्यामुळे पॉवर असो, ब्रेक असो की वळण, सगळं शेवटी तिथूनच जाणार आहे. सेकंडहँड गाडीचे टायर नक्षी चांगली दिसतेय म्हणून चांगले समजू नका. साइडवॉलवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३११९ असेल तर २०१९ चा ३१ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर रबर कडक झालेलं असतं, पहिल्याच पावसात रस्त्यावर तेल वर येतं तेव्हा कळतं.

सुरुवातीच्या जीटीला १८५/६० आर१५ साइज आहे. अपसाइझ करायचा असेल तर दोन पर्याय लोक वापरतात:

१९५/५५ आर१५: बाहेरचा व्यास मूळपेक्षा साधारण सव्वा टक्का लहान होतो. गाडी वळणात टणक वाटते, पण ग्राउंड क्लिअरन्स तीन-चार मिलिमीटर जातो आणि खड्ड्यात रिमला मार जास्त लागतो.

१९५/६० आर१५: व्यास साधारण दोन टक्के मोठा होतो, क्लिअरन्स सहा मिलिमीटर वाढतो, खड्डे गिळतो, थोडासा पिकअप सुस्त वाटतो.

मी रोज वापरणाऱ्याला दुसरा सांगतो. ज्यांचा प्रवास मुख्यतः एक्सप्रेसवे आणि चांगल्या रस्त्यांचा आहे त्यांनी पहिला घ्यावा. कुठलाही घेतला तरी लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळपेक्षा खालचं घ्यायचं नाही. मूळ टायरवर ८४एच लिहिलेलं असतं, ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत, आणि दुकानदार टी रेटिंगचा टायर स्वस्तात देतो म्हणाला तरी नाही म्हणा.

रिमचं सांगायचं तर मूळ १५ इंचाच्या रिमवर १९५ आरामात बसतो, नवीन रिम घ्यायची गरज नाही. तरी घ्यायचीच असेल तर हे तीन आकडे लिहून ठेवा: पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिलिमीटर, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. मधलं भोक मोठं असलेली रिम 'बसते हो' म्हणून देतात, त्यात मधली फट भरणारी हब रिंग लागते, ती नसेल तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसता. आणि १७ इंची रिम दिसते भारी पण वजन वाढतं, चाकाचं वाढलेलं वजन पिकअप आणि ब्रेक दोन्ही खातं, म्हणजे परफॉर्मन्ससाठी पैसे देऊन उलटं काम झालं.

चांगल्या कंपनीचे चार टायर साधारण पंचवीस ते पस्तीस हजारात होतात. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये.

३. ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम. मागे डिस्क बसवायचं खूळ अनेकांच्या डोक्यात असतं, पन्नास हजाराच्या वर खर्च होतो आणि रोजच्या वापरात फरक नाममात्र पडतो कारण ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि बहुतेक काम पुढची डिस्कच करते. ते पैसे वाचवा.

पहिलं काम ब्रेक फ्लुइडचं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलं की उकळायचं तापमान उतरतं. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा किमान निकष असा की नवं असताना २३० अंशाला उकळतं आणि पाणी मुरलेलं १५५ ला. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांच्या गाड्यांमध्ये दमट हवेमुळे हे अजून लवकर होतं. आंबा घाटातून किंवा वरंध्यातून जोरात उतरताना ब्रेक तापले, फ्लुइड उकळलं, बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि त्या वेळी तुमच्याकडे १०५ पीएस आहेत की १३५ याला काही अर्थ राहत नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि सेकंडहँड गाडीत ते बदललेलं असण्याची शक्यता कमीच. खर्च दीड-दोन हजार. गॅरेजवाल्याने फक्त वरची बाटली उपसून नवं ओतलं तर ते बदलणं नव्हे, चारही चाकांना ब्लीडिंग (पाइपातलं जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढणं) झालं पाहिजे, शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या.

दुसरं पुढचे पॅड. कंपनीचे पॅड वाईट नाहीत, पण थोडे जास्त पकड देणारे रस्त्यावर वापरायचे पॅड चार ते सात हजारात मिळतात. ट्रॅकसाठी बनवलेले पॅड घेऊ नका, ते तापल्याशिवाय धरत नाहीत, सकाळी सोसायटीच्या उतारावरून गाडी काढताना काय होईल विचार करा. डिस्कला कडेला ओठ आला असेल तर डिस्कपण बदला. नवीन पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावून बेडिंग करायचं, पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, आणि मग गाडी चालवतच थंड होऊ द्यायची.

आणि घाट उतरताना डीएसजी मॅन्युअलमध्ये टाकून खालच्या गिअरमध्ये उतरा. फुकट आहे.

४. शॉकअप, बुश, अलाइनमेंट

लोअरिंग स्प्रिंगचा विषय आला की लोकांचे डोळे चमकतात. दिसायला गाडी सुंदर होते यात वाद नाही. पण आधी हे विचारा की तुमचे शॉकअप जिवंत आहेत का, कारण साठ-सत्तर हजार किमीनंतर आपल्या रस्त्यांवर ते थकलेले असतात आणि थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली तर गाडी वळणात उड्या मारते. मूळ शॉकअप, स्ट्रट माउंट, लिंक रॉड आणि अँटीरोल बारचे बुश नवीन टाकले की गाडी परत घट्ट होते, खडखड जाते, आणि बऱ्याच जणांना स्प्रिंगची गरज वाटेनाशी होते.

स्प्रिंग घालायच्याच असतील तर ३० मिलिमीटरच्या वर खाली आणू नका, चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन तुमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून जायचंय हे लक्षात ठेवा. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणणारे गॅरेजवाले आहेत, तसं कधीही करू देऊ नका, कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही आणि तुटली तर टायरमध्ये घुसते.

कुठलंही काम केलं की अलाइनमेंट करायचीच. मागचा अ‍ॅक्सल टॉर्शन बीमचा आहे, त्यात साधारणपणे अ‍ॅडजस्ट करायला काही नसतं, पुढे टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सेट होतो. प्रिंटआउट मागून घ्या, 'झालं साहेब, हिरवं आलं' यावर गाडी बाहेर काढू नका. गाडी खाली आली असेल तर हेडलाइटची लेव्हलपण बघून घ्या.

५. डीएसजीचं ऐकून घ्या

या गाडीतला गिअरबॉक्स डीक्यू२०० आहे, ड्राय क्लचवाला. त्याची कंपनीने सांगितलेली क्षमता २५० एनएम आहे. गाडी मूळ १७५ देते, म्हणजे वर ७५ ची जागा आहे, आणि ही जागा पूर्ण वापरायची नसते. क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तुम्ही बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये ब्रेक थोडा सोडत थोडा दाबत रांगत राहिलात तर क्लच अर्धवट घसरत राहतात आणि झिजतात. त्यामुळे पुढची गाडी दोन-तीन लांब्या पुढे जाऊ द्या, मग एकदम हला. सिग्नलला चढावर एक्सलेटरवर गाडी धरून उभं राहू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक लावा.

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर येत असेल, रिव्हर्स पडताना धक्का बसत असेल, किंवा डिस्प्लेवर पाना चमकला असेल तर रीमॅपचा विचार आत्ता सोडून द्या. क्लच पॅक आणि मेकाट्रॉनिक (गिअर-क्लच चालवणारं युनिट) हे दोन्ही लाखाच्या घरात जाणारे खर्च आहेत. आधी स्कॅनमध्ये क्लचचे आकडे बघा, स्कॅनरने गिअरबॉक्सचं बेसिक सेटिंग (क्लचची नव्याने जुळणी) करून घ्या, आणि जीटी-टीएसआयवर हात बसलेल्या मेकॅनिकचं मत घ्या.

६. पैसे पुढे घालायच्या आधी कागद

हा भाग लोक वाचत नाहीत आणि नंतर रडतात म्हणून मुद्दाम रीमॅपच्या आधी ठेवलाय.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि निर्मात्याने मूळ दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टायर, ब्रेक पॅड, फ्लुइड, शॉकअप यांनी आरसीला काही होत नाही. इंजिन बदलणं, रंग बदलणं ही कामं आरटीओच्या परवानगीशिवाय करायचीच नाहीत. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून तो चालतो असं समजू नका, अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी उघडतो तेव्हा प्रश्न विचारले जातात.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, ईमेल केला तरी चालेल पण उत्तर आल्याशिवाय काम सुरू करू नका. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन नोंद करतात, काही रीमॅपला सरळ नाही म्हणतात, आणि नाही म्हटलं तर तुम्हाला ठरवायला निदान खरी माहिती मिळाली. न कळवता केलं आणि क्लेम फेटाळला गेला तर पाच-सहा लाखाची गाडी तुमच्या खिशातून गेली.

पीयूसी बीएस-४ गाडीला वर्षभर चालते. त्या तपासणीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा 'कॅट', काढलेली गाडी यात प्रामाणिकपणे पास होणं अवघड.

एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा: आरसी, पॉलिसी आणि विमा कंपनीचं उत्तर, पीयूसी, प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, पहिला स्कॅन रिपोर्ट, अलाइनमेंटची प्रिंट, डायनो (गाडीची पॉवर मोजायचं यंत्र) शीट असेल तर ती, आणि काढलेले मूळ पार्ट घरी माळ्यावर. विकताना ही फाइल दाखवली की भाव नीट येतो.

७. स्टेज १ रीमॅप

वरचं सगळं झालं असेल, गाडी निरोगी असेल, डीएसजी शांत असेल, विम्याचं मिटलं असेल, तर आता हा विषय काढायला हरकत नाही. स्टेज १ म्हणजे कुठलाही पार्ट न बदलता ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर बदलणं, बूस्ट, इग्निशन टायमिंग आणि पेट्रोलचं प्रमाण नव्याने ठरवणं. १.२ टीएसआयला ट्यूनर लोक साधारण १३० च्या आसपास पीएस आणि २२० च्या आसपास एनएम सांगतात. मधल्या आरपीएमला गाडी खेचते ते सीटमध्ये जाणवतं, ओव्हरटेक करताना मनात शंका राहत नाही, म्हणून लोक यावर पैसे घालतात आणि मला ते पटतं. खर्च मोटामोटी तीस ते पन्नास हजार.

ट्यूनरला हे विचारा, आणि उत्तरं गोल गोल आली तर दुसरीकडे जा:

माझी मूळ फाइल वाचून मला कॉपी देणार का? परत मूळ मॅपवर जायचे पैसे घेणार का?

रीमॅपच्या आधी आणि नंतर लॉगिंग (गाडी चालवताना आकडे नोंदवणं) करणार का? लॉगमध्ये नॉकमुळे (पेट्रोल अवेळी पेटल्यामुळे) टायमिंग मागे खेचलं जातंय का आणि इनटेकचं तापमान किती जातंय हे दाखवणार का?

टॉर्क कुठल्या आरपीएमला येतो? १५०० लाच सगळा टॉर्क एकदम ओतणारा मॅप चालवायला झकास वाटतो पण क्लचचा बळी देतो. दोन हजाराच्या पुढे हळूहळू चढणारा आणि २५० च्या बराच खाली थांबणारा मॅप मागा.

कुठल्या पेट्रोलवर मॅप केलाय? हे फार महत्त्वाचं. ९५ ऑक्टेनवर केलेला मॅप आहे आणि तुम्ही गावाकडे मिळेल ते साधं टाकलं तर नॉकिंग होऊन ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे पैसे देऊन घेतलेली पॉवर परत जाते, आणि वाईट परिस्थितीत पिस्टनला धोका. एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल) तुमच्या रोजच्या रस्त्यावर मिळतं का ते बघा. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं पण महाग असतं, फक्त त्यावरच चालणारा मॅप रोजच्या गाडीला घेऊ नका. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे हे ट्यूनरला माहीत असतंच, तरी तुमच्या गाडीचं वर्ष सांगून रबरी पाइपांची स्थिती बघायला सांगा, कारण ही गाडी ई२० साठी बनवलेली नाही.

फटाक्यांसारखे आवाज काढणारा पॉप अँड बँग मॅप कोणी फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा, न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये पेटतं आणि कॅट, टर्बो दोन्हीचं आयुष्य खातं. सेन्सरला जोडायचे ट्यूनिंग बॉक्स स्वस्त असतात आणि काढता येतात, पण ते ईसीयूला खोटा आकडा दाखवून बूस्ट वाढवतात, टायमिंगवर त्यांचा ताबा नसतो. मी पैसे साठवून नीट रीमॅपच करा म्हणेन.

कंपनीची किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर रीमॅपने ती जाते हे धरून चाला. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली आणि त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं तर मॅप पुसला जातो, म्हणून जॉबकार्डवर 'विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट नको' असं लिहून घ्या. रीमॅपनंतर प्लगची तपासणी लवकर करा, वीस हजार किमीला बदलले तरी चालेल. आणि जोरात चालवून आल्यावर शेवटची पाच मिनिटं गाडी हळू चालवा, टर्बोला थंड होऊ द्या.

८. फिल्टर आणि एक्झॉस्ट

मूळ डब्यात बसणारा परफॉर्मन्स एअर फिल्टर पाच-सात हजारात येतो, एकट्याने फरक जवळजवळ नाही, धुवून परत वापरता येतो हाच फायदा. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावला की आवाज छान येतो पण तो इंजिनची गरम हवा ओढतो. खाली बंपरजवळ नेला तर जुलैमध्ये साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी जायचा धोका.

एक्झॉस्टवर स्टेज १ ला काहीच करायची गरज नाही. मोठा आवाज म्हणजे पॉवर नव्हे, आणि पुण्यात पोलिसांनी मॉडिफाइड सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले सगळ्यांनी पाहिलेत. कॅट काढायचा नाही, विषय संपला.

पार्ट घ्यायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे सगळं मिळतं, नकलीसुद्धा. प्लग, ऑइल, पॅड या तीन गोष्टी बिल देणाऱ्या अधिकृत डीलरकडूनच घ्या, बाकी ट्रिम, क्लिपा, लायनिंग असल्या वस्तू तिथे घासाघीस करून घ्यायला काही हरकत नाही.

९. फरक मोजायचा कसा आणि कुठे

डायनोवर जाणार असाल तर रीमॅपच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर जा, शक्यतो एकाच दिवशी. डायनो चाकावरची पॉवर मोजतो, ती कंपनीच्या इंजिनवरच्या आकड्यापेक्षा कमीच येते, त्यामुळे ९० आले म्हणून घाबरू नका, दोन रनमधला फरक बघा. दोन वेगवेगळ्या डायनोचे आकडे एकमेकांशी लावण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर शून्य ते शंभर करून बघायचं नाही. एक्सप्रेसवेवर मर्यादा शंभरची आहे आणि कॅमेरे आहेत, पण त्याहीपेक्षा समोर कधी कोण लेन बदलेल ते सांगता येत नाही. ताम्हिणीत तर रविवारी सकाळी सहकुटुंब धबधबे बघायला आलेली माणसं रस्त्यात उभी असतात. खरंच गाडी ताणून बघायची हौस असेल तर ट्रॅक डेची फी भरा, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचं आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, लांब पडतं पण चार मित्रांनी मिळून ठरवलं तर जमतं. जायच्या आधी विमा कंपनीला विचारा, कारण साध्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत. सोबत हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टायरचा प्रेशर गेज, टॉर्क रेंच, एक लिटर इंजिन ऑइल आणि अर्धा लिटर डॉट ४ ठेवा. दोन-तीन जोरदार लॅप झाले की एक लॅप हळू मारून ब्रेक आणि डीएसजी थंड होऊ द्या, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी पी मध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा, आणि घरी निघायच्या आधी चाकांचे बोल्ट परत एकदा तपासा.